त्यांच्या रागाची तारीख विचारा: फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

सर्व फॅमिली डॉक्टर मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

साठीपुढचा पुरुष पेशंट तपासून होतो. रक्तदाब, साखर, गुडघे, लघवी, सगळं बोलून झालेलं असतं. तो उठतो आणि त्याची बायको दारातून वळून म्हणते, "डॉक्टर, हल्ली हे फार चिडचिड करतात हो." तो तिच्याकडे असा बघतो की पुढचं वाक्य तिच्या घशातच राहतं. तुम्ही हसता आणि म्हणता, "वय झालं की व्हायचंच. तुम्हीच जरा समजून घ्या." पुढचा नंबर पुकारला जातो.

मी परिचारिका होते. सगळी नोकरी ओपीडीत गेली, त्यामुळे हे संभाषण मला तोंडपाठ आहे. आता निवृत्त आहे आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, नातेवाइकाच्या खुर्चीत बसते. माझं म्हणणं तुमच्या त्या एका वाक्यापुरतंच आहे. "वय झालं" म्हटलं की तपासणी तिथेच थांबते आणि औषधोपचाराची जबाबदारी बायकोच्या सहनशक्तीवर येते.

मुळात वयामुळे माणूस चिडका होतो, हे खरं आहे का? साठी बुद्धी नाठी ही म्हण आपल्या डोक्यात इतकी घट्ट बसली आहे की तपासून बघावंसं कुणाला वाटत नाही. स्वभावाचा अभ्यास करणाऱ्यांनी तीच माणसं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासली, तेव्हा दिसलं ते जवळजवळ उलट. वय वाढतं तसा सरासरी माणूस निवळतो, जुळवून घेतो, त्याची घालमेल कमी होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचं आयुष्यभराचं काम याच विषयावर आहे. पुढे उरलेला वेळ थोडा आहे हे जाणवलं की माणूस नको ती भांडणं सोडून देतो आणि जवळच्या चार माणसांत रमतो, असं त्या मांडतात. म्हणजे चाळीस वर्षं शांतपणे संसार केलेला माणूस सहासष्टाव्या वर्षी वस्तू आपटायला लागला, तर तो वयाप्रमाणे वागत नाही, वयाच्या विरुद्ध वागतो आहे. ताप आल्यावर आपण "ऋतू बदलला" म्हणून गप्प बसत नाही. इथेच का बसतो?

जन्माचे तापट लोक असतात, ते मी जाणते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, त्यांच्याबद्दल हे पत्र नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: "पहिल्यापासून असे आहेत, की आता झालेत?" आणि उत्तर "आता" असेल तर लगेच दुसरा: "कधीपासून?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पेशंटकडे नसतं. त्याच्या मते तो बदललेलाच नाही. घरचे बावळटासारखे वागतात म्हणून त्याला बोलावं लागतं. उत्तर असतं ते बायकोकडे, मुलीकडे, सुनेकडे, कधी शेजाऱ्याकडे.

नैराश्यापासून सुरुवात करते, कारण तिथेच सगळ्यात जास्त निसटतं.

बाल्टिक समुद्रात गॉटलंड नावाचं स्वीडनचं बेट आहे. १९८३-८४ साली तिथल्या सगळ्या जनरल प्रॅक्टिशनर डॉक्टरांना नैराश्य कसं ओळखायचं आणि त्यावर उपचार कसे करायचे, याचं नीट प्रशिक्षण दिलं गेलं. पुढच्या काळात बेटावरच्या आत्महत्या घटल्या आणि हा प्रयोग जगभर गाजला. नंतर मानसोपचारतज्ज्ञ वोल्फगांग रुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे सुटे करून पाहिले. घट झाली होती ती मुख्यतः स्त्रियांमध्ये. पुरुषांच्या आकड्यावर प्रशिक्षणाचा फारसा परिणामच झाला नव्हता. जीव दिलेले पुरुष बहुतेकदा डॉक्टरांना ठाऊकच नव्हते. ते ठाऊक होते पोलिसांना आणि समाजकल्याणवाल्यांना, म्हणजे भांडणं, दारू आणि आरडाओरड्यासाठी. बायका रडत डॉक्टरांकडे गेल्या आणि वाचल्या. पुरुष दार आपटून बाहेर गेले. त्यातूनच पुढे पुरुषांच्या नैराश्यासाठी एक वेगळी प्रश्नावली तयार झाली. तिच्यात उदासीबरोबर चिडचिड, आक्रस्ताळेपणा आणि दारूचेही प्रश्न आहेत.

आता तुमच्या टेबलावरची नैराश्याची प्रश्नावली काढा. पीएचक्यू-९ मध्ये झोप आहे, भूक आहे, थकवा आहे, अस्वस्थ येरझारा आहेत, मरणाचे विचार आहेत. चिडचिड नाही. मानसिक आजारांच्या निदानासाठी जी अमेरिकन नियमावली सगळीकडे वापरतात, तिच्यात उदास मनाच्या जागी चिडचिड धरायची सवलत फक्त लहान मुलांना आणि किशोरांना आहे. मोठ्या माणसाने नैराश्यात उदासच दिसलं पाहिजे, असा दंडक. आणि पुरुषाला तर लहानपणापासून शिकवलेलं असतं की रडायचं नाही, ओरडलं तर चालेल. मग तो ओरडतो, आणि तुमच्या कागदावर त्याचे गुण कमी येतात.

बहुतेक देशांत आत्महत्येचं प्रमाण वयस्क पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त किंवा त्याच्या जवळपास असतं. हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी अशा माणसाला "जीव नकोसा वाटतो का? स्वतःचं काही करून घ्यावंसं वाटतं का?" असं सरळ शब्दांत विचारताना मी फार थोडे डॉक्टर पाहिले. विचारल्याने ती कल्पना त्याच्या डोक्यात शिरत नाही; असलीच तर आधीपासून असते. त्याला ती बोलायला कुणी मिळालेलं नसतं एवढंच. कामावरून निवृत्त झालेला, मित्र एकेक करून गेलेले, बायको गेलेली किंवा आजारी, आणि घरात निर्णय मुलं घेतात. अशा माणसाचा राग हा कितीतरी वेळा दुःखाने घातलेला सदरा असतो.

पुढचं प्रकरण पुरुषी हार्मोनचं, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचं. ते लवकर उरकते, पण सोडून देता येत नाही, कारण जाहिरातींनी त्याचा बाजार मांडला आहे. "चिडक्या पुरुषांचा सिंड्रोम" हा शब्दप्रयोग शास्त्रात आणला तो एडिंबराच्या जेराल्ड लिंकन या संशोधकाने, २००१ साली. कुणाला पाहून? मेंढ्यांना. सोए जातीच्या नरांचा माजाचा हंगाम संपून त्यांचं टेस्टोस्टेरॉन कोसळलं की ते बिथरतात, असं त्याचं निरीक्षण होतं. मेंढ्याचं टेस्टोस्टेरॉन एका हंगामात तळाला जातं. माणसाचं मध्यम वयापासून वर्षाला सुमारे एक टक्का, मुंगीच्या पावलाने उतरतं. ही तफावत जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

युरोपातल्या आठ केंद्रांवर ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला. वाढत्या वयातल्या खऱ्याखुऱ्या टेस्टोस्टेरॉन-कमतरतेची खूण म्हणून त्यात तीन लैंगिक लक्षणं उरली: कामेच्छा कमी होणं, ताठरता नीट न येणं आणि पहाटेची ताठरता कमी होणं. ही तिन्ही लक्षणं आणि रक्तातली पातळीही कमी, अशी कसोटी लावल्यावर उरले ते जेमतेम दोन टक्के पुरुष. पासष्टीपुढच्या पुरुषांना वर्षभर टेस्टोस्टेरॉन देऊन पाहिलेल्या चाचण्या २०१६ साली आल्या. लैंगिक बाबतीत बऱ्यापैकी फायदा झाला, मनःस्थितीत थोडासा. तेव्हा लक्षणं जुळत असतील तर सकाळच्या वेळी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त तपासा आणि मग ठरवा. पण बायकोने "चिडतात" म्हटलं म्हणून थेट टेस्टोस्टेरॉनचं मलम (जेल) लिहून देऊ नका. एक अपवाद मात्र मनात पक्का ठेवा. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ज्यांचं टेस्टोस्टेरॉन औषधाने मुद्दाम बंद केलेलं असतं, त्यांची पातळी सावकाश उतरत नाही, कड्यावरून पडते. घामाचे लोट, तुटकी झोप, भरून येणारं मन, उसळणारा राग हे सगळं त्यांच्या बाबतीत उपचाराचाच भाग असतं. इंजेक्शन देण्याआधी हे त्या दोघांना कुणीतरी बसवून सांगायला हवं. बहुतेक ठिकाणी कुणी सांगत नाही.

आता औषधं. इथे माझ्या घरचं सांगते.

माझ्या मिस्टरांना एकदा फिट आली. तपासण्या झाल्या, मेंदूत जुन्या छोट्या स्ट्रोकची खूण निघाली आणि लेव्हेटिरासिटाम सुरू झालं. औषध चांगलं आहे, त्यांना पुन्हा फिट आली नाही. पण ज्या माणसाने घरात कधी आवाज चढवला नव्हता, त्याने एका सकाळी चष्म्याचं घर सापडत नाही म्हणून कपाटाचा खण बाहेर ओढला आणि जमिनीवर उपडा केला. मग तिथेच खाली बसून एकेक वस्तू परत आत ठेवत राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, "हात लावू नकोस." त्या आवाजाचा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. पुढे हे रोजचं झालं. फोन ठेवायचे तो आपटून, मुलाशी बोलणं बंद, नातवाच्या हसण्याचाही त्रास.

आम्ही ज्या डॉक्टरांकडे नेहमी जात होतो त्यांनी तेच सांगितलं: वय, आजारपणाचा धक्का, समजून घ्या. मी नर्स नसते तर कदाचित समजूनही घेतलं असतं. घरी येऊन औषधाच्या डब्यातलं पत्रक उलगडलं. चिडचिड, आक्रमकता, मनःस्थितीतले बदल, सगळं त्यात छापलेलं होतं. फाइल काढून औषध सुरू केल्याची तारीख पाहिली आणि खण उपडा झाला ती सकाळ आठवली. मध्ये तीन आठवडेसुद्धा नव्हते. दोन्ही तारखा एका कागदावर लिहून न्यूरॉलॉजिस्टकडे नेल्या. त्यांनी कागद वाचला, मान हलवली आणि हे औषध हळूहळू कमी करत दुसरं वाढवत नेलं. महिना-दीड महिन्यात बराचसा माणूस परत आला. सगळा नाही, त्या काळात मुलाला जे बोलले ते बोलून गेलेलं आहे, ते कुठल्या गोळीने मागे घेता येत नाही.

(हे वाचणाऱ्या इतर कुणाला आपल्या घरचं औषध आठवलं असेल तर कृपा करून ते स्वतःहून बंद करू नका. फिटचं औषध एकदम तोडलं तर न थांबणारी फिट येऊ शकते. तारखा लिहा आणि डॉक्टरांकडे जा.)

तुमच्या हाताखालून अशी औषधं रोज जातात. पार्किन्सनसाठी दिलेल्या प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोलने काही जणांना जुगाराचा, खरेदीचा, लैंगिक वागण्याचा अनावर नाद लागतो. बायका शरमेने बोलत नाहीत आणि नवरा लपवतो. तुम्ही दोघांना वेगवेगळं विचारलं नाही, तर बँकेचं खातं रिकामं झाल्यावरच कळतं. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या मोठ्या डोसवर माणूस रात्र रात्र जागतो आणि दिवसा अंगावर येतो. लघवी आवरण्याच्या काही गोळ्या आणि सर्दीच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या म्हाताऱ्या मेंदूला गोंधळात टाकतात. "शांत झोप लागावी" म्हणून दिलेली डायझेपामच्या घराण्यातली गोळी काहींना उलटी पडते आणि उरलासुरला संयमही सैल करते. आणि साखरेच्या गोळ्या! इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडवर असलेला माणूस जेवणाची वेळ टळली की भडकतो आणि जेवला की शांत होतो, हा स्वभाव नव्हे, उतरलेली साखर असू शकते. त्यात बीटा ब्लॉकर ही रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर छातीची धडधड, हाताची थरथर अशा नेहमीच्या सूचना झाकल्या जातात. उरतो तो घाम आणि राग. त्या क्षणी बोटाला सुई टोचून साखर बघायला घरच्यांना सांगितलं, तर निम्मी भांडणं डायरीत आकड्यांच्या रूपात दिसतील.

बाकीची कारणं तुम्ही शिकलेली आहेत, नुसती आठवण करते. साखरेसाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्याचं बी-१२ कमी होऊ शकतं. थायरॉइड तपासायला एक नळी रक्त पुरतं. मोठ्याने घोरणारा, मध्येच श्वास अडकणारा माणूस सकाळी चिडलेलाच उठणार, आणि प्रोस्टेटमुळे रात्रीतून चार वेळा उठणाराही. दुखणाऱ्या कमरेने कुणाचाही स्वभाव बिघडतो. दारू पूर्वीइतकीच घेतो म्हणणाऱ्याच्या शरीरातलं पाणी पूर्वीइतकं राहिलेलं नसतं. तेवढीच दारू आता जास्त चढते.

कानांसाठी मात्र एक मिनिट जास्त थांबा. वाढत्या वयात आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणजे स, श, फ, त यांसारखी व्यंजनं आणि बायकामुलांचे आवाज. त्याला ऐकू येतं, पण कळत नाही. म्हणून तो म्हणतो, "तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलता." घरातले दोनदा सांगून कंटाळतात आणि तिसऱ्यांदा "जाऊ दे, काही नाही" म्हणतात. ते "काही नाही" त्याला नेमकं ऐकू येतं. हळूहळू त्याची खात्री पटते की आपल्याला वगळून काहीतरी चाललं आहे, आणि तो संशयी आणि तिरसट होतो. कानातला मळ बघायला तुम्हाला अर्धं मिनिट लागतं. तेवढ्यानेच काम झालं असे लोक मी पाहिले आहेत. नाहीतर श्रवणतपासणीला पाठवा, आणि "मला गरज नाही" हे त्याचं पहिलं उत्तर शेवटचं समजू नका.

तारीख का विचारायची हे यावरून लक्षात येईल. वागणं दोन-तीन दिवसांत पालटलं असेल, मध्येच ठीक आणि मध्येच बरळणं असेल, तर ती चिडचिड नसून वाताचा झटका (डिलिरियम, म्हणजे मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ) आहे आणि त्याच दिवशी तपासायचं आहे: तुंबलेली लघवी, संसर्ग, न्यूमोनिया, घसरलेलं सोडियम. काही आठवड्यांत बदलला असेल, तर डोक्याला लागलं होतं का विचारा. कपाटाच्या दाराची कड लागली, रक्तही आलं नाही, कुणी लक्षात ठेवलं नाही, आणि महिन्याभराने माणूस सुस्त, चिडका, पाय ओढत चालणारा. कवटीच्या आत मेंदूवर सावकाश साचलेलं रक्त असू शकतं. वय जास्त आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर शंका अधिक. स्कॅनमध्ये दिसतं, शस्त्रक्रियेने काढता येतं. अशा माणसाला "समजून घेत" बसलं तर तो हातचा जातो.

आणि बदल महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षाने होत असेल तर? इथे मला तुमच्याकडून सगळ्यात जास्त अपेक्षा आहे, कारण इथे बायका वर्षानुवर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन करतात.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे कपाळामागचा आणि कानशिलामागचा मेंदू झिजण्याचा आजार. प्रागच्या अर्नोल्ड पिक यांनी या आजाराच्या रुग्णाचं पहिलं वर्णन १८९२ साली केलं, म्हणजे अल्झायमरच्याही आधी. तरी तुमच्यातले कितीतरी जण डिमेन्शिया म्हटलं की फक्त विसरणं शोधतात. या आजाराच्या वर्तनबदलाच्या प्रकारात सुरुवातीला स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असते आणि आतला ओळखीचा माणूस हरवतो. बहुतेकदा हा आजार ४५ ते ६५ या वयात सुरू होतो, म्हणजे "वय झालं" म्हणायलाही जागा नसते. एक गृहस्थ आठवतात. हिशेबात पक्के, तारीख, वार, शंभरातून सात वजा करत जाणं, सगळं खडाखडा सांगितलं. डॉक्टरांनी "स्मरणशक्ती उत्तम" लिहिलं. बाहेर बाकावर त्यांची बायको मला सांगत होती, की तिचा हात मोडला तेव्हा हे शेजारी बसून टीव्ही बघत राहिले आणि जेवणाचं विचारलं. अनोळखी माणसाच्या ताटातला घास उचलतात. गोड दिसलं की संपेपर्यंत खातात. रोज त्याच वेळी त्याच वाटेने जायचं, कुणी आडवं आलं तर अंगावर धावून जायचं. "सिस्टर, हे असे नव्हते हो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. निदानाची २०११ सालची कसोटी तिच्याच बोलण्यात पुरी होत होती: संयम सुटणं, उदासीनता, सहानुभूती आटणं, तोच तो हट्ट, खाण्यातला बदल. शंभरातून सात वजा करून यातलं एकही सापडत नाही.

२०१६ साली तज्ज्ञांच्या एका गटाने याहून व्यापक कसोटी मांडली. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच उद्भवलेला आणि निदान सहा महिने टिकलेला वागण्यातला बदल, ज्याला दुसरं मानसिक कारण नाही, तो येऊ घातलेल्या डिमेन्शियाची पहिली खूण असू शकतो, आठवण शाबूत असली तरी. त्याची प्रश्नावली घरच्या माणसाने भरायची असते. कारण उघड आहे.

तुम्ही म्हणाल, असाध्य आजाराचं निदान करून काय साधायचं? पुष्कळ. खात्यावर सही कुणाची हे वेळेत ठरतं. गाडीची किल्ली वेळेत बाजूला होते. आणि बायकोला कळतं की त्याचं तिच्यावरचं प्रेम संपलेलं नाही, कपाळामागचा मेंदू झिजतो आहे. या एका माहितीवर बायका पुढची कितीतरी वर्षं काढतात.

आता मागणं. मोठं नाही.

बदलाची तक्रार आली की घरच्या माणसाला दोन मिनिटं वेगळं भेटा. "गोपनीयतेचं काय?" असं एका तरुण डॉक्टरांनी मला विचारलं होतं. पेशंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय देऊ नये हे बरोबर. पण घरच्यांचं ऐकून घ्यायला कुठल्याही नियमाची आडकाठी नाही. कान तुमचे, बोलणं त्यांचं. वजन घ्यायला, लघवीचा नमुना द्यायला त्याला बाहेर पाठवलं की ती दोन मिनिटं मिळतात. आम्ही नर्स मंडळी ते सहज जमवून देऊ, फक्त तुम्ही डोळ्याने खुणावा.

तिला विचारताना "तुम्हाला भीती वाटते का? हात उचलतात का?" हेही विचारा. आजाराने आलेला राग असला तरी लागलेला मार लागतोच. आजार आहे म्हणून तिने मार खात राहावं असं नाही, आणि तसं तुमच्या तोंडून तिला ऐकू येऊ द्या.

सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगा, दुसऱ्या डॉक्टरांच्या आणि दुकानातून परस्पर घेतलेल्यासुद्धा. आणि घाईने गप्प करणारी गोळी लिहू नका. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मानसिक आजारावरच्या या औषधांनी मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने नव्या औषधांसाठी २००५ सालीच आणि जुन्यांसाठी २००८ साली दिला आहे. त्यातही झोपेत ओरडणारा, लाथा झाडणारा, हल्ली संथ झालेला आणि नसलेली माणसं बघणारा पेशंट असेल तर ल्युई बॉडीचा आजार (डिमेन्शियाचाच एक प्रकार) मनात आणा. त्याला हॅलोपेरिडॉलने शांत करायला जाल तर तो कायमचा अंथरुणाला खिळू शकतो.

वेळ नाही, हे मला पाठ आहे. दाराबाहेरची गर्दी मीच आवरत होते. पण तोच माणूस "छातीत भरतं, झोप येत नाही, डोकं धरतं" म्हणत महिन्यातून तीनदा तुमच्याकडे येतो, आणि त्याची बायको स्वतःचा रक्तदाब घेऊन वेगळी येते, तो वेळही तुमचाच जातो. तिच्या केस पेपरवर तुम्ही "ताण" लिहिता. दोघांचे पेपर एकदा शेजारी ठेवून बघा.

काही जणी समोर बोलणार नाहीत, वेगळ्या खोलीतसुद्धा नाहीत. त्या घडी केलेली चिठ्ठी काउंटरवर देतील, नाहीतर नर्सच्या हातात सरकवतील. ती पेशंटसमोर उघडू नका, आणि "तुमच्या मिसेस म्हणतात की" असं म्हणून तिचं नाव घेऊ नका. रात्री घरी तिलाच त्याचा हिशेब द्यावा लागतो. "या वयात सगळ्यांनाच विचारतो" म्हणा, आणि प्रश्न विचारायला सुरुवात करा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका